चार ट्रॅकवर अख्खं गाणं: जुन्या रॉकच्या पद्धतीनं घरी रेकॉर्डिंग

घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. सॉफ्टवेअर उघडलं की ट्रॅक, म्हणजे एकेक वाद्य किंवा आवाज वेगळा नोंदवायच्या पट्ट्या, हवे तितके मिळतात. मग गिटारचे ढीगभर टेक (एकच भाग पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलेला), गळ्याच्या आवाजाचे त्याहून जास्त, काहीच खोडायचं नाही आणि सगळं ‘मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे शेवटी ट्रॅक एकत्र मिसळताना, बघू’ म्हणून मागे ठेवायचं. ती वेळ येत नाही. गाणं हार्डडिस्कवर अर्धवट पडून राहतं.

बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम १९६७ साली आला. लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत स्टुडर कंपनीच्या जे३७ मशीनवर तो मुख्यतः रेकॉर्ड झाला. एक इंच रुंद टेप आणि तिच्यावर शेजारी शेजारी चार ट्रॅक, बस. जागा संपली की भरलेले ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपच्या एकाच ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वाजवायचं. याला बाउन्स करणं म्हणतात. एकदा बाउन्स झालं की ड्रम आणि बास यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण कायमचं पक्कं. नंतर बास जरा वाढवू म्हणायची सोय नाही. माझ्या मते मल्टिट्रॅक, म्हणजे अनेक ट्रॅकवर थर चढवत रेकॉर्डिंग, शिकायची खरी जागा हीच आहे. म्हणून या लेखात आपण कॉम्प्युटरवरच, पण चारच ट्रॅक वापरून एक गाणं पूर्ण करणार आहोत.

सामान

दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि वाद्यं कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), एक डायनॅमिक माइक, कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन, माइकस्टँड आणि एखादं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. रीपर, गॅरेजबँड, जे हाताशी असेल ते. माइकसाठी शुअर एसएम ५७ डोळे झाकून घ्या. ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ चा ‘नेब्रास्का’ अल्बम दोन एसएम ५७ आणि टॅस्कॅमचं कॅसेटवर चालणारं चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ एवढ्यावर घरी रेकॉर्ड केला. ती खरं तर बँडला ऐकवायची कच्ची कॅसेट होती. बँडबरोबर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ती जान येईना, म्हणून शेवटी त्या कॅसेटवरूनच रेकॉर्ड निघाली. तेव्हा महागड्या कंडेन्सर माइकसाठी थांबू नका. साध्या खोलीत कंडेन्सर माइक लावला तर गाण्याआधी शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या स्वच्छ रेकॉर्ड होतात.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. आवाजाची पातळी सर्वांत जोरात वाजवल्यावर मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये थांबेल अशी लावा. टेपवर पातळी जरा चढवली की आवाज गोलसर, उबदार व्हायचा, म्हणून जुने रेकॉर्डिस्ट मीटर मुद्दाम लालमध्ये नेत. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलात की आवाज फक्त फाटतो.

आधी उशीर मोजा

ही पायरी नवशिके हमखास गाळतात आणि मग ‘माझी लय कच्ची आहे’ म्हणत बसतात. दोष पुष्कळदा यंत्रणेचा असतो: तुम्ही वाजवलेलं ट्रॅकवर थोडं उशिरा उमटतं.

टेपमशीनमध्ये रेकॉर्ड करणारं हेड आणि ऐकवणारं हेड वेगवेगळं, एकमेकांपासून थोड्या अंतरावर असे. आधीचा ट्रॅक ऐकवणाऱ्या हेडवरून ऐकत तुम्ही नवा वाजवला, तर तो टेपवर मागेच पडणार. उपाय निघाला तो असा, की जुना ट्रॅक रेकॉर्ड हेडवरूनच ऐकवायचा. ॲम्पेक्स कंपनीनं याला सेल-सिंक असं नाव दिलं. गिटारवादक लेस पॉल यांनी १९५७ मध्ये ॲम्पेक्सकडून जे आठ ट्रॅकचं मशीन बनवून घेतलं, ते याच युक्तीवर चालायचं. त्याआधी लेस पॉल एकाच टेपवर जुन्या आवाजावर नवा आवाज चढवत. त्यात जुनं रेकॉर्डिंग पुसलं जायचं, त्यामुळे दहाव्या थराला चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात.

आज हेडच्या जागी कॉम्प्युटरचा बफर, म्हणजे आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवणारी जागा, आहे. तो १२८ सँपलवर ठेवा (सँपल म्हणजे डिजिटल आवाजाचा एक सूक्ष्म तुकडा). ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि तो हाताला जाणवत नाही. ५१२ वर तोच साडेदहाच्या पुढे जातो, आणि जाण्याचा-येण्याचा मिळून बोचायला लागतो. मग ही चाचणी करा. मेट्रोनोमचा टक्‌टक् आवाज एका ट्रॅकवर ऑडिओ म्हणून घ्या. हेडफोनचा एक कप माइकच्या तोंडावर दाबून धरा, तोच टक्‌टक् आवाज माइकमधून दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. आता दोन्ही ट्रॅक खूप झूम करून बघा. आवाजाच्या लहरींची टोकं एकाखाली एक आली तर ठीक. दुसरं टोक उजवीकडे सरकलेलं असेल, तर तेवढी सँपल मोजा आणि सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरा. हे एकदाच करायचं काम आहे. इंटरफेस किंवा बफर बदलला तरच पुन्हा.

ट्रॅकशीट

आता कागद घ्या. चार रकाने आखा आणि गाण्यातला कोणता भाग कधी, कुठे जाणार ते लिहा. स्टुडिओत टेपच्या खोक्याबरोबर असा कागद असायचाच. आपला बेत असा:

पहिली फेरी: ट्रॅक १ वर ड्रम, २ वर बास, ३ वर ऱ्हिदम गिटार. हे तिन्ही ट्रॅक ४ वर बाउन्स करायचे आणि बाउन्स चालू असतानाच टँबरीन किंवा खंजिरी प्रत्यक्ष वाजवायची.

दुसरी फेरी: १ आणि २ वर कोरसचे दोन आवाज. ते ३ वर बाउन्स करताना तिसरा आवाज तिथल्या तिथे गायचा.

तिसरी फेरी: मोकळ्या झालेल्या १ वर मुख्य आवाज, २ वर सोलो (एकट्या वाद्याचा तुकडा).

चार ट्रॅकवर नऊ भाग झाले. बाउन्स करता करता एक भाग थेट वाजवायची ही युक्ती चार ट्रॅकवाल्यांची जुनीच. तिच्यामुळे एक ट्रॅक वाचतो आणि वाजवणाऱ्याला घामही फुटतो.

कॉम्प्युटरवर जुने ट्रॅक उडवायचे नाहीत. प्रत्येक बाउन्सनंतर प्रोजेक्ट वेगळ्या नावानं सेव्ह करा, नव्या प्रोजेक्टमध्ये फक्त बाउन्स केलेली फाईल आणा आणि जुनी उघडायची नाही असं ठरवून टाका.

ताल, बास, गिटार

गाणं सुरू होण्याआधीचे दोन आवर्तनांचे काउंट रेकॉर्ड करा आणि बाउन्समध्येही ठेवा. ते कापलेत तर पुढच्या फेरीत गाण्यात शिरायचं कुठून हे कळत नाही. जुने रॉक बँड क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या ठोक्यांशिवाय), एकमेकांकडे बघत वाजवत. एकट्यानं थर चढवायचे असतील तर मात्र क्लिक लागतोच.

ड्रमसेट आणि तो वाजवायला जागा असेल तर इंग्लिश रेकॉर्डिस्ट ग्लिन जॉन्स यांची पद्धत वापरून बघा. एक माइक स्नेअरच्या (सेटच्या मधल्या, कडक आवाजाच्या ड्रमच्या) सरळ वर, साडेतीन-चार फुटांवर. दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवरच्या मोठ्या ड्रमच्या) बाजूनं, हायहॅटच्या (पायानं उघडझाप होणाऱ्या झांजांच्या) दिशेला बघणारा. महत्त्वाचं काय, तर स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही माइकचं अंतर सारखं हवं. सुतळी घ्या, एक टोक स्नेअरवर धरा, दोन्हीकडे मोजा. अंतर वेगळं पडलं तर स्नेअरचा आवाज एका माइकला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो आणि दोन्ही मिसळल्यावर तो पोकळ लागतो. लेड झेपलिनचा पहिला अल्बम रेकॉर्ड करणारे जॉन्स हेच. त्यांचे धाकटे भाऊ अँडी जॉन्स यांनी पुढे हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात झेपलिनच्याच ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला आणि वर, जिन्याच्या पोकळीत दोन रिबन माइक टांगले. तो प्रचंड घुमारा जिन्याचा आहे.

ड्रमसेट नसेल तर सॉफ्टवेअरचे ड्रम चालतील, पण ते लगेच ऑडिओ करून घ्या. बदलता येतात म्हणून लोक महिनाभर ते बदलत राहतात.

बासची पिन सरळ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये. त्यावर फार विचार नको.

गिटारचा ॲम्प असेल तर आवाज थोडा वाढवा आणि माइक जाळीला जवळजवळ टेकवा. आता हेडफोन लावून मित्राला माइक हळूहळू आडवा सरकवायला सांगा. स्पीकरच्या ऐन मध्यावर आवाज टोकदार, कानाला टोचणारा येतो. कडेकडे सरकेल तसा तो मऊ आणि जाड होत जातो. इंचभर सरकवल्यानं जो फरक पडतो तो इक्वलायझरची बटणं फिरवून मिळत नाही. आवडला की थांबा आणि जाळीवर चिकटपट्टीची खूण करा, पुढच्या वेळी शोधाशोध नको. ॲम्प लहान असला तरी बिघडत नाही. १९७० मध्ये मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ‘लैला’ अल्बमच्या वेळी गिटारवादक एरिक क्लॅप्टनकडे फेंडर कंपनीचा चिमुकला चॅम्प ॲम्प होता.

दर ट्रॅकआधी ट्यूनिंग तपासा. पंखा बंद करा.

पहिला बाउन्स

इथे घाई नको. तीन ट्रॅक पुन्हा पुन्हा ऐका आणि एकच प्रश्न विचारा: यावर अजून पाच भाग चढणार आहेत, त्यांच्याखाली काय दबेल? अनुभव असा, की ड्रम आणि बास दबतात. आत्ता बरोबर वाटतंय त्यापेक्षा ते किंचित जास्त ठेवा. गिटार किंचित कमी, कारण गाणाऱ्याचा आवाज आणि गिटार सुरांच्या एकाच पट्ट्यात भांडतात. गिटारचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. तिथे बासचं घर आहे.

टेपवर प्रत्येक नकलेला टेपचा स्वतःचा सूं आवाज वाढायचा आणि वरची चमक मंदावायची, म्हणून रेकॉर्डिस्ट बाउन्सपूर्वीच आवाज जरासा उजळ ठेवत. डिजिटलमध्ये नकलेनं काही बिघडत नाही. पण खोलीची घरघर मात्र साचते. सारख्या पातळीची घरघर असलेले दोन ट्रॅक मिळाले की ती ३ डेसिबलनं वाढते, चार मिळाले की ६, सोळा मिळाले की १२. म्हणून जिथे वाद्य वाजत नाही तिथली शांतता बाउन्सआधी कापा, कडांना छोटे फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या.

मग टँबरीन हातात घ्या, माइकपासून हातभर लांब उभे राहा आणि तीन ट्रॅक अधिक टँबरीन असं सगळं मोनोमध्ये (डावं-उजवं न करता एकत्र) चौथ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी तिन्ही ट्रॅक आणि माइक एकाच बसवर (अनेक ट्रॅक एकत्र नेणाऱ्या वाटेवर) पाठवून त्या बसचं आउटपुट रेकॉर्ड करायचं. टँबरीन शेवटच्या कडव्यात घसरली तर पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटांचं गाणं आहे, जीव जात नाही.

आवाज

कोरस आधी, मुख्य आवाज नंतर. कोरस बाउन्समध्ये जाऊन बसणार, मुख्य आवाज शेवटपर्यंत मोकळा हवा.

थर चढवण्याचं टोक बघायचं तर क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. १९७५ साल, तोवर मशीन २४ ट्रॅकचं झालेलं. तरीही पुरलं नाही. फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी ऑपेराच्या भागातले सूर थरावर थर चढवत, बाउन्स करकरून गायले. निर्माते रॉय थॉमस बेकर यांच्या सांगण्यानुसार थरांची संख्या १८० च्या घरात गेली, आणि मशीनमधून फिरून फिरून टेपवरचा लेप इतका झिजला की आरपार दिसायला लागलं. यातला फ्रेडी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारोख बुलसारा. पियानो तो तिथेच शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँडही शाळेतलाच.

त्यांची पद्धत उचलण्यासारखी आहे. तिघांनी तीन वेगळे सूर एकदम गायचे नाहीत. आधी तिघांनी एकच सूर मिळून गायचा, मग पुढचा. तीन कंठांचा पोत एकत्र येतो आणि एक भरीव आवाज तयार होतो. तुम्ही एकटे असाल तर दर खेपेला काहीतरी बदला: एकदा माइकपासून वीतभर, एकदा दोन हात मागे, एकदा छातीतून, एकदा हलक्या, श्वासाच्या आवाजात. नाहीतर तोच माणूस तीनदा ओरडतोय असं वाटतं.

व्यंजनांकडे लक्ष द्या. ओळ ‘आकाश’वर संपत असेल तर तीन आवाजांचे तीन ‘श’ तीन वेगळ्या क्षणी येतात आणि फुसफुस ऐकू येते. एकाच थरात ‘श’ स्पष्ट म्हणा, बाकीच्या दोघांत ‘आका’वर थांबून शेवट गिळून टाका. स, च, ट, प यांनाही हेच. हेडफोनचा एक कप कानावरून थोडा सरकवलात तर सुरात राहणं सोपं जातं. तेवढा क्लिक कमी करा, नाहीतर तो माइकमध्ये झिरपतो.

मुख्य आवाज जाड करायचा असेल तर तीच ओळ पुन्हा गा. कॉपी-पेस्ट करून दुसरा आवाज होत नाही, तीच लहर दुप्पट होते आणि आवाज फक्त ६ डेसिबलनं मोठा होतो. बीटल्सच्या जॉन लेननला तेच ते पुन्हा गायचा भारी कंटाळा. म्हणून ईएमआयचे इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या टेपमशीनवरून आवाज क्षणभर मागे ठेवून, त्या मशीनचा वेग किंचित हलवत खोटा दुसरा आवाज तयार केला. घरी करायचं तर आवाजाची नक्कल २० ते ४० मिलिसेकंद मागे ढकला आणि त्या उशिरात अगदी संथ हेलकावा द्या. नक्कल मूळ आवाजापेक्षा कमी ठेवा.

आवाजाच्याच नादात आणखी एक. टेनसीसी या बँडनं १९७५ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत तिघांच्या कंठातून एकेक सूर सोळा सोळा वेळा रेकॉर्ड केला. म्हणजे एका सुराला ४८ आवाज. त्यांचे टेपचे लूप करून मिक्सरच्या एकेका फेडरवर (पातळी वरखाली करणाऱ्या सरकत्या बटणावर) लावले आणि मिक्सरच वाद्यासारखा वाजवला. चार ट्रॅकच्या गाण्यात हे बसत नाही, पण एखाद्या रविवारी ‘आ’काराचे आठ सूर घेऊन करून बघा.

सोलो, अर्ध्या वेगानं

बोटं पोचत नसतील तर यालाही जुनी वाट आहे. बीटल्सच्या ‘इन माय लाइफ’ या १९६५ च्या गाण्यातला पियानो त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी टेप अर्ध्या वेगानं चालवून, एक सप्तक खाली वाजवला. टेप मूळ वेगावर आली तसा तो दुप्पट वेगाचा आणि हार्प्सिकॉर्ड या जुन्या, तारा छेडणाऱ्या पियानोसदृश वाद्यासारखा टणक झाला.

सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅकचा वेग निम्मा करा आणि सूर जागच्या जागी ठेवणारा पर्याय बंद करा. गाणं एक सप्तक खाली उतरेल, लय १२० ची ६० होईल. त्यावर सोलो सावकाश वाजवा आणि वेग मूळ जागी आणा. गिटारवर हे मँडोलिनच्या जवळ जातं. स्वर लांबवून धरू नका. वेग वाढला की त्यातला कंप बकरीच्या बें-बें सारखा होतो.

घुमारा आणि मिक्स

सॉफ्टवेअरमधला तयार रिव्हर्ब (घुमारा देणारा इफेक्ट) वापरायला हरकत नाही, पण एकदा ईएमआयच्या एको चेंबरची, म्हणजे घुमाऱ्यासाठीच्या खोलीची, घरगुती आवृत्ती करून बघा. बाथरूममध्ये तारेनं जोडलेला स्पीकर ठेवा (ब्लूटूथ नको, त्याचा स्वतःचा उशीर असतो), त्यावर फक्त मुख्य आवाज वाजवा आणि लांबच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या माइकनं तो घ्या. हा ट्रॅक मूळ आवाजाखाली अगदी थोडा मिसळा. चार ट्रॅकच्या नियमात घुमारा मोजत नाहीत, मिक्सच्या वेळी तो वेगळाच यायचा.

मिक्समध्ये आता काम उरतं थोडं. ट्रॅक चारच आहेत. आधी मोनोमध्ये, फोनच्या स्पीकरवर ऐका: शब्द कळले पाहिजेत आणि बासचा सूर ओळखू आला पाहिजे. मग हवं तर कोरस थोडा डावीकडे आणि सोलो उजवीकडे सरकवा. ताल आणि मुख्य आवाज मध्येच राहू द्या.

शेवटी फाईली. बाउन्सआधीचा प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग, २४ बिट वेव्ह फाईल म्हणून काढून ठेवा. सगळ्या फाईलींची सुरुवात एक असली की त्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट जुळतात. ‘सार्जंट पेपर’चं २०१७ साली जे नवं मिक्स निघालं, ते ईएमआयनं बाउन्सआधीच्या मूळ टेपा सांभाळून ठेवल्या होत्या म्हणूनच शक्य झालं. फाईलच्या नावात लय आणि पट्टी लिहा, बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि ट्रॅकशीटचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाका.